रागिणीच्या सर्टिफिकेटवरचं प्लॅस्टिक

मी प्लॅस्टिक आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे ज्यांना नाकं मुरडायची आहेत त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावीत. गटारात तुंबून बसतो तो मी नव्हे आणि गाईच्या पोटात जातो तोही मी नव्हे. ते आमचे वाया गेलेले चुलतभाऊ. मी लॅमिनेशनचा कागद. लोक मला आपल्या सगळ्यांत मोलाच्या कागदावर हौसेने चढवतात आणि पुढे एक दिवस 'हे सुटत कसं नाही' म्हणून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. आम्हाला जगात येऊन सात पिढ्या झालेल्याच नाहीत, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तो अकोल्यात, बसस्टँडजवळच्या धम्मदीपच्या झेरॉक्सच्या दुकानात. मी म्हणजे दोन पाती, एका कडेला जोडलेली. मध्ये कागद घालायचा आणि तापलेल्या मशीनच्या तोंडात द्यायचं. आत दोघं वेगवेगळे जातात, बाहेर एकच होऊन येतात. लग्नाचंही असंच असतं म्हणे, फक्त ते मशीन तापायला जरा जास्त वेळ घेतं.

गठ्ठ्यात पडल्या पडल्या मी माणसांची गंमत पाहत असे. रेशनकार्ड, सातबारा, गुणपत्रिका, महाराजांचा फोटो, सगळ्यांना प्लॅस्टिक पाहिजे. एका गृहस्थाने तर कोर्टाचं समन्स लॅमिनेट करून नेलं. कागद चकाकला की तो जास्त खरा होतो, अशी आमच्या वऱ्हाडात पक्की समजूत आहे.

माझा नंबर लागला तेव्हा समोर शेषराव उभे होते. हिवरखेडचा भाजीवाला माणूस. वांगी, टमाटे आणि सांबार पिकवायचा. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, उगाच इडली डोळ्यांपुढे आणू नका. पोरगी रागिणी हिनं अकोल्यात नर्सिंगचं शिक्षण पुरं केलं होतं आणि कौन्सिलकडून तिचं नोंदणीचं सर्टिफिकेट आलं होतं. म्हणजे आता ती कायद्याने नर्स होती. शेषरावांनी तो कागद सांबाराच्या टोपलीतून, वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता.

"धम्मदीप, याले असं कर का इहिरीत पडलं तरी काई होऊ नये."

"काकाजी, रागिणीले इचारलं का?"

"तिले काय इचारतं? पोरगी माही, सर्टिफिकेट माह्या पोरीचं. मार तू लॅमिनेशन."

धम्मदीपने मारलं. मी तापलो, वितळलो आणि त्या कागदाला असा बिलगलो की विचारू नका. कागदाच्या पुढच्या बाजूला रागिणीचं नाव, फोटो आणि नंबर होता. मागच्या बाजूला शिक्क्यांसाठी रिकामे चौकोन होते आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती: 'हे प्रमाणपत्र लॅमिनेट करू नये.' मी त्या ओळीवर ऐसपैस बसलो. मी काचेसारखा स्वच्छ असल्याने ती माझ्यातूनही छान वाचता येत होती. वाचली कोणीच नाही, हा माझा दोष नव्हे.

घरी रागिणी संध्याकाळी आली आणि तिनं मला पाहिलं. "बाबा! हे काय करून आनलं?" एवढंच म्हणाली. मग बापाच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून गप्प बसली. तिच्या आईनं, बेबीताईंनी, मला देवासमोर ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि ओल्या फडक्यानं पुसूनही घेतलं. कागदाला असं पुसता येतं का? मग मला टीव्हीवर उभं केलं. घरी येणारा दूधवाला, सोयरा, खतवाला, प्रत्येकाला आधी मी आणि मग चहा.

पुढे रागिणीला पाहायला धामणगाव रेल्वेहून पाहुणे आले. मुलगा कुंदन, सैन्यात नायक. बेबीताईंनी पोह्यांच्या ट्रेमध्ये मलाही ठेवलं. माझ्यावरून हात फिरत गेले. कोणी फोटो पाहिला, कोणी नंबर पाहिला, कोणी मला उजेडाकडे धरून दर्जा तपासला. कुंदनने मात्र मला उलटं केलं आणि मागची बाजू शेवटपर्यंत वाचली. सैन्यात सूचना शेवटपर्यंत वाचायची सवय लावतात.

"मामाजी," तो अदबीनं म्हणाला, "यावर लिहेल आहे, लॅमिनेशन करू नये म्हनून."

शेषरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"पोरगा हुशार आहे," ते म्हणाले. "पक्कं करून टाका."

लग्न झालं. कुंदन सीमेवर गेला आणि रागिणी अमरावतीला लहान मुलांच्या दवाखान्यात लागली. तिथं तिनं एनआयसीयूत काम केलं. दिवस भरायच्या आधी जन्मलेली, तळहाताएवढी बाळं असतात ना, त्यांचा विभाग. कधी कधी ती मला पिशवीत घालून न्यायची, कारण तपासणीला कोणी आलं की सर्टिफिकेट दाखवावं लागे. मी तिथली बाळं पाहिली आहेत. माणसं इतकी लहान असू शकतात, याची मला कल्पना नव्हती.

मग कुंदनची बदली राजस्थानातल्या छावणीत झाली आणि कुटुंबासाठी क्वार्टर मिळालं. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं एका छपराखाली राहणार होती. बेबीताईंनी लोणचं बांधून दिलं, शेषरावांनी वांग्यांचं बी दिलं आणि मला ट्रंकेत साड्यांच्या मध्ये ठेवलं. रागिणी म्हणाली, "दवाखाने तं सगळीकडं रायतात. काम भेटनच."

भेटलं, पण कसं ते ऐका.

छावणीजवळच्या एका खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तिचा सुई लावायचा हात पाहिला आणि त्या खूश झाल्या. बाळांच्या बारीक शिरेत सुई लावणारी नर्स त्यांना हवीच होती. पण ऑफिसातल्या माणसाने मला उलटसुलट केलं आणि विचारलं, "मॅडम, ये तो महाराष्ट्र का है. हमारे स्टेट का रजिस्ट्रेशन कहाँ है?"

इथं मी जरा तोंड सोडणार आहे. कुंदन आज काश्मिरात, उद्या राजस्थानात, परवा आसामात. कुठल्याही राज्यानं त्याला विचारलं नाही की बाबा, तुझा नेम तिकडच्या हवेत शिकलेला, इकडं लागेल का? बंदूक सगळ्या देशात चालते. त्याच्या बायकोला मात्र दर राज्याच्या वेशीवर सांगतात, तुझं शिक्षण पलीकडं ठेवून ये. आणि बाळं तर सगळीकडे एकाच भाषेत रडतात!

तिकडच्या राज्याची नोंदणी मिळायची तर महाराष्ट्राच्या कौन्सिलचं ना-हरकत हवं. ते मिळेपर्यंत डॉक्टरबाईंनी रागिणीला मदतनीस म्हणून ठेवलं. दुपटी बदलायची, बाटल्या धुवायच्या, बाळाला सुई लावायची नाही, औषध द्यायचं नाही. बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं की महिनाअखेरीपर्यंत नोंदणी आली तर नर्सची जागा तिची, नाहीतर दुसरी कोणी येईल.

एका दुपारी रागिणी घरी आली आणि आईला फोन लावून बसली. मी कपाटाच्या खालच्या खणात होतो, सगळं ऐकलं.

"आई, आज एका लेकराचा हात सुजून राह्यला होता. सलाईन शिरेच्या भाईर जाऊन राह्यलं होतं. मले दिसलं. मी म्हनलं, सुई काढा. त ड्यूटीवरची पोरगी म्हनते, तुमको हाथ लगाना मना है. सिस्टर येईपर्यंत मी उभी राह्यली, आई. नुसती उभी राह्यली."

"मंग? लेकरू?"

"लेकरू बरं आहे. हात लाल झाला, उतरन. पन मी काहून उभी राह्यली? मले येते ना थे काम."

त्यावर बेबीताई हळू आवाजात काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. रागिणी मात्र खूप वेळ रडत होती. मला राग आला होता, आणि प्लॅस्टिकला राग येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी मला जाळून पाहावं.

कुंदनने धावपळ केली. त्याच्या साहेबांनी छान पत्र लिहून दिलं की ही सैनिकाची पत्नी आहे, पतीची बदली झाली आहे, तरी काम लवकर व्हावं. त्याच सुमारास कौन्सिलने अमरावतीत कागदपत्रं तपासून ना-हरकतीचा शिक्का मारायचं शिबिर लावलं, दोन दिवसांचं. कुंदनला सुट्टी मिळाली नाही. रागिणी एकटीच रेल्वेने अकोल्यात उतरली. स्टेशनवर शेषराव उभे होते, डोक्यावर टोपी आणि हातात रिकामी पिशवी. रिकामी का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. पिशवीशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत.

तिथून दोघं अमरावतीला गेली. शिबिराच्या हॉलमध्ये पंखे गरागरा फिरत होते आणि रांग मुंगीच्या पायाने सरकत होती. बऱ्याच वेळाने नंबर आला. टेबलामागच्या साहेबांनी आधी कुंदनच्या साहेबांचं पत्र वाचलं. पत्र त्यांनी खरोखर कपाळाला लावलं.

"फार मोठी सेवा करतात हो हे लोक," ते म्हणाले. मग मला उचललं, मागची बाजू पाहिली आणि चष्मा काढला. "मॅडम, याच्यावर शिक्का कुठं मारू?"

"तिथं चौकोन आहेत ना, सर."

"चौकोन आहेत, पण प्लॅस्टिकखाली आहेत. शाई धरत नाही, पुसली जाते. लॅमिनेशन काढून आणा."

"हे निंगत नाई, साहेब," शेषराव मध्येच म्हणाले. "मी पक्कंच करून घेतलं होतं."

"तुम्ही केलंत?"

"तं काय! इहिरीत पडलं तरी काई व्हनार नाई."

साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मलाच शेषरावांची दया आली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "नाहीतर असं करा. हरवलं म्हणून पोलिसांत तक्रार द्या. डुप्लिकेट मिळेल. चार-सहा महिने जातील, पण मिळेल."

शेषराव लगेच उठले. "चाल पोरी. हरवलं म्हनू. आपल्या बापाचं काय जाते?"

मी टेबलावर उताणा पडलेलो, पंख्याखाली, आणि माझ्या तोंडावर ही माणसं म्हणतायत मी हरवलो! रागिणीने मला उचललं.

"बाबा, सहा महिने थांबले तं थे जागा राहीन का? अन् हातात धरून हरवलं म्हनून सही करू? उद्या कोनी इचारलं तं तुमच्या जवायाच्या नोकरीले डाग लागन." मग साहेबांकडे वळून म्हणाली, "सर, उद्या शिबिर आहे ना? उद्या आनते."

"काढताना अक्षरं निघाली, तर मग काहीच उपयोग नाही, मॅडम. सांगून ठेवतो."

बेबीताईंची बहीण सत्यवती अमरावतीतच राहते. दोघं तिच्या घरी गेली. मावशी जरा तोंडाळ. तिनं आल्या आल्या मला हातात घेतलं आणि बापाकडे पाहिलं.

"भाऊजी, तुमच्या अक्कलेलेही एखादं लॅमिनेशन मारून घ्या. आहे तेवढी तरी राहीन."

मग माझ्यावर इलाज सुरू झाले. मावशी म्हणाली, बर्फात ठेवा, टणक झालं की टचकन सुटते. मला फ्रीजरमध्ये मटारांच्या शेजारी ठेवलं. थंडी वाजली, सुटलो नाही. शेजारणीनं रॉकेल सुचवलं. शेषरावांनी इस्त्री आणली. "गरमीनं चिकटलं, गरमीनंच सुटन," असं म्हणून त्यांनी माझा कोपरा दाबला. मी आक्रसलो, फुगलो, आणि खालचा कागद तपकिरी पडला. त्यांनी घाबरून नख घातलं आणि ओढलं. माझ्याबरोबर कागदाचा एक पापुद्रा निघून आला.

शेषरावांचा हात थांबला. माणूस म्हातारा होताना मी कधी पाहिला नव्हता, तो त्या क्षणी पाहिला.

"म्या वाटोळं केलं व," ते म्हणाले.

रागिणी स्वयंपाकघरातून आली. "बाबा, ठेवा ते. सरका तिकडं."

तिनं आधी कोपरापर्यंत हात धुतले. कोणी सांगितलं नव्हतं, सवयीनंच. टेबलावर स्वच्छ पंचा अंथरला आणि मला पालथं ठेवलं. एका स्टीलच्या डब्यात गरम पाणी भरून, डब्याचं बूड कोरडं पुसून, तो माझ्यावरून हळूहळू फिरवला. इस्त्रीसारखं भाजणं नाही, नुसती ऊब. माझा चीक सैल पडायला लागला. मग तिनं एका कडेला नख सरकवलं, माझी कड जराशी उचलली आणि वर न ओढता मागं दुमडली, अगदी सपाट, माझी मलाच टेकवून. दुसऱ्या हाताचं बोट तिनं कागदावर दाबून ठेवलं होतं, जिथून मी सुटणार होतो त्याच्या अगदी पुढं.

"वर नाई ओढायचं," ती मान खाली घालून म्हणाली. "मांगं दुमडत न्यायचं. सातव्या महिन्यात झालेल्या लेकराची कातडी याच्याहून पातळ रायते. चिकटपट्टी ओढली का कातडी संगं येते."

शेषराव खुर्चीच्या टोकावर बसले. मावशीही गप्प झाली, आणि हे तिच्या घरात फार क्वचित घडतं.

मी तसू तसू सुटत गेलो. थंड झालो की ती थांबे, पुन्हा डबा फिरवी, पुन्हा दुमडी. घाई नाही, चिडचिड नाही. मध्येच एक ठिकाणी मी हटून बसलो तेव्हा ती पुटपुटली, "झालं, झालं बाळा. होऊनच गेलं."

हे ती मला म्हणत नव्हती, कागदालाही नाही. सवयीनं तोंडातून गेलं असावं. पण माझ्याशी आजवर असं कोणी बोललं नव्हतं, आणि खरं सांगतो, त्यानंतर मी अडलो नाही.

"हे तू रोज करतं?" शेषरावांनी विचारलं.

"रोज."

"मले वाटे का तू सुया टोचतं."

"टोचतोच ना. पन टोचलेली काढा लागते, बाबा. थे जास्त कठीन."

शेषरावांनी गमछ्यानं डोळे पुसले. इतकी वर्षं त्यांनी मला गावभर मिरवलं. मी कशाचं सर्टिफिकेट आहे ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

माझं मागचं पातं पूर्ण निघालं. एकही चौकोन फाटला नाही, एकही अक्षर गेलं नाही. पुढचं पातं तिनं तसंच ठेवलं. माझा अर्धा देह मावशीच्या कचऱ्याच्या डब्यात गेला. दुखलं का म्हणाल, तर नाही. ज्या हातांनी काढलं ते हातच तसे होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मागच्या बाजूवरून बोट फिरवलं. "कोणाकडून काढून घेतलंत?"

"मी काढलं."

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. शाई कागदात मुरली. ते म्हणाले, "आता नीट जपा."

"लॅमिनेशन करून घेऊ का, साहेब?" शेषरावांनी विचारलं. अख्खा हॉल हसला, साहेबही हसले. रागिणी तेवढी हसली नाही. ती शिक्का वाळायची वाट पाहत होती.

महिना संपायच्या आत राजस्थानचा नोंदणी नंबर आला. त्या दिवशी ड्यूटीवरून आल्यावर तिनं आईला फोन केला. "आई, आज सुई लावली." बास, एवढंच. बेबीताईंनी हिवरखेडात पेढे वाटले. कशाचे ते विचारणाऱ्याला सांगितलं, "माह्या पोरीनं सुई लावली." लोकांनी पेढा घेतला आणि विचारात पडले.

दोन वर्षं बरी गेली. आता, हे सांगतोय तेव्हा, कुंदनची पुन्हा बदली झाली आहे. आसाम. इथल्या दवाखान्यात रागिणी आता नव्या पोरींना शिकवते, आणि आसामात पुन्हा पहिल्यापासून सगळं. नवं राज्य, नवं कौन्सिल, पुन्हा ना-हरकत, पुन्हा कदाचित बाटल्या धुणं.

काल कुंदन म्हणाला, "रागिणी, तू अमरावतीले वापस जाय ना. तिथं तं तुही नोंदणी आहेच, काम भेटन. मी येत-जात जाईन." तो मनापासून म्हणत होता आणि त्याला ते सहन होत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. तिनं बापाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

शेषरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जवाईबुवा, तुमी दोघं संगंच राहा. पन एक सांगतो. तिथं गेल्यावर माह्या पोरीचा हात रिकामा बसू देऊ नका. म्या पाह्यला तो हात."

कुंदननंच उठून ट्रंक काढली. रागिणीनं मला उलटं करून मागची बाजू पाहिली, महाराष्ट्राचा आणि राजस्थानचा असे दोन शिक्के आणि बाकी कोरे चौकोन, आणि मला कपड्यांच्या सगळ्यांत वर ठेवलं.

आता निघायची वेळ झाली आहे. आसामातल्या ज्या टेबलावर मी जाऊन पडणार आहे, तिथल्या साहेबांना इथूनच नमस्कार. साहेब, तुम्ही नीट तपासा, जरूर तपासा. मला कितीही दिवस टेबलावर ठेवा, मी थांबेन. आम्ही शेकडो वर्षं कुजत नाही म्हणतात. पण तिथंच कुठंतरी, काचेच्या पेटीत, एक बाळ सातव्या महिन्यात येऊन पडलेलं असेल. त्याला थांबता येत नाही.